‘१४२० सालचा’ पब घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केंटमधल्या एका खेड्यातला पब तुम्ही दोघं घेताय. एजंट म्हणतो, ‘१४२० पासून चालू आहे’. पण समोरून ती सपाट लाल विटांची, मोठ्या काचेच्या खिडक्यांची इमारत दिसते. आत मात्र डोक्याला लागतील अशा काळ्या तुळया. मग १४२० खरं की थाप? शिवाय स्वयंपाकघर मोठं करायला दोन खोल्यांमधली एक भिंत काढायची आहे, आणि पुढच्या भिंतीला ओल आहे, तिथे वॉटरप्रूफ सिमेंट मारू का? सोबत चार फोटो.

मी इकडे दक्षिण इंग्लंडात जुन्या लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यात पब बरेच असतात. तिन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. इमारतीचा कुठला भाग कुठल्या काळातला, हे कळलं की काय काढता येईल आणि ओलीचं काय करायचं, ते बरंचसं आपोआप कळतं. हे न बघता भिंतीला हात लावलात तर पैसे जातीलच, वर कोर्टाची पायरीही चढावी लागेल.

आधी त्या सालाबद्दल. पबच्या पाटीवरचं साल साधारण तीन वेगळ्या गोष्टींपैकी सगळ्यात जुनी जी असेल तिचं असतं: लाकडी सांगाडा कधी उभा राहिला, दर्शनी भाग कधी झाला, आणि तिथे दारू विकायला कधी सुरुवात झाली. या तिन्हींत शतकांचं अंतर असू शकतं. वुस्टरशरमधल्या ब्रेटफर्टन गावातला ‘फ्लीस इन’ बघा. इमारत मध्ययुगीन, पण जन्माने ती शेतकऱ्याचं घर. पब झाला १८४८ साली, आणि १९७७ पासून तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. सेंट ऑल्बन्सचा ‘फायटिंग कॉक्स’ आठव्या शतकाचा दावा सांगतो. पण ती अष्टकोनी इमारत म्हणजे तिथल्या मठाचा कबुतरखाना, मठ बरखास्त झाल्यावर उचलून आजच्या जागी आणून उभा केलेला. उलट सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावचा ‘जॉर्ज इन’ हिंटन चार्टरहाऊस मठाने मध्ययुगातच बांधला आणि तो प्रवाशांचं उतरायचं ठिकाण म्हणूनच ओळखला जातो. खाली दगड, वर पुढे झुकलेले लाकडी मजले. असे पब अगदी थोडे.

खेड्यातल्या बहुतेक पबांचा जन्म बराच साधा आहे. १८३० च्या बीअरहाऊस कायद्याने कर भरणाऱ्या कुठल्याही घरमालकाला दोन गिनी भरून स्वतःच्या घरात बीअर विकायची मुभा दिली. मग लोहार, सुतार, शेतकरी अशा कित्येकांनी पुढच्या खोलीत बाकं मांडली. म्हणून माझा अंदाज असा की तुमची इमारत पंधराव्या शतकातली असू शकते, पण ‘तेव्हापासून चालू’ हे शब्द कागद दाखवल्याशिवाय मानू नका. कागद मिळतात. १५५२ नंतर दारूच्या दुकानाला न्यायाधीशांचा परवाना लागू लागला, त्यासाठी जामीनपत्र द्यावं लागे, आणि त्या जामीनपत्रांतली बरीच जिल्हा अभिलेखागारात आहेत. केंटची मेडस्टनला. १८४० च्या आसपासचे टाइद नकाशे (चर्चच्या दशांश करासाठी केलेले, जमिनीच्या मालकांची नोंद असलेले) आणि १८४१ पासूनच्या जनगणनाही बघा. मालकाच्या नावापुढे ‘शेतकरी’ लिहिलंय की ‘बीअर विक्रेता’, तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

आता सांगाडा. तुमच्या भागात पंधराव्या शतकात सुखवस्तू शेतकऱ्याचं घर ठरलेल्या पद्धतीने बांधत. मधे जमिनीपासून थेट छपरापर्यंत उघडं असं मोठं दालन, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. दालनाच्या मधोमध जमिनीवरच आग पेटवलेली, धुराडं नाही. धूर वर चढायचा आणि कौलांच्या फटींतून वाट काढायचा. सगळा सांगाडा ओल्या ओकचा. वाळलेला ओक इतका कठीण की हत्यार चालत नाही, म्हणून झाड पाडलं की वर्ष-दोन वर्षांत वापरून टाकत. खिळे नाहीत. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आरपार भोक आणि त्यात लाकडी खुंटी. खांबांमधल्या जागेत कूड: ओकच्या उभ्या काठ्या, हेझल नावाच्या झुडपाच्या आडव्या फोकाट्या, वरून माती, शेण आणि पेंढ्याचा लेप. कोकणात ज्यांनी कुडाची घरं पाहिली आहेत त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकात विटा स्वस्त झाल्या आणि लोकांनी त्या धुराच्या दालनात विटांचं भलंमोठं धुराडं उभारलं, वर मजला घातला. ज्या शेकोटीसमोर बसून तुम्ही अर्धा पाइंट घेतलात ती बहुधा त्या वेळची. म्हणजे घराचा आकार तोच, पण आतलं राहणीमान साफ बदललं. हा बदल ओळखायला सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे माळा. पुढच्या भेटीत मालकाला माळ्याचं दार उघडायला सांगा, चांगली बॅटरी न्या, जुने कपडे घाला. मधल्या भागातले वासे काळेकुळकुळीत आणि टोकांकडचे तपकिरी, स्वच्छ दिसले, तर खाली एके काळी उघडी आग जळत होती. हा काळेपणा रंगाचा नसतो. बोट फिरवलं तर बोटाला फारसं काही लागत नाही, पण प्रकाश तिरका टाकला की डांबरासारखी किंचित चमक दिसते. काळ्या आणि स्वच्छ भागांच्या मधे लाकडी-मातीची आडभिंत असेल तर तीही बघा: दालनाकडची बाजू काळी, दुसरी कोरी. केंटमध्ये दालनावरच्या मधल्या आडव्या तुळईवर एकटा उभा खांब असतो, त्याच्या डोक्याकडून चारी दिशांना वाकडे टेकू निघतात. तो कोरीव असेल, खाली-वर पट्टे काढलेले असतील, तर समजा की खालून बघणाऱ्यांसाठी तो सजवला होता. आज माळ्यात अंधारात पडलेल्या लाकडावर कोणी नक्षी करत नाही.

माळ्यावर जाऊ देत नसतील तर खालच्या तुळयांवरूनही अंदाज येतो. छताला आधार देणारी बारकी लाकडं रुंद आणि आडवी निजवलेली असतील तर मध्ययुगीन. अरुंद आणि उभ्या कडेवर ठेवलेली असतील तर बहुधा सतराव्या शतकातली किंवा नंतरची. सांध्यांजवळ रोमन आकड्यांसारखे कोरलेले ओरखडे दिसतात, ते सुतारांचे जुळणीचे नंबर. सांगाडा अंगणात आडवा जुळवून, खोलून, जागेवर परत उभा करत, त्यासाठी. शेकोटीवरच्या तुळईवर थेंबाच्या आकाराचे जळके डाग असतील तर मेणबत्ती कलंडली म्हणून ते पडलेले नसतात. मुद्दाम लाकडाशी ज्योत धरून काढलेले असतात, आगीची आणि नजरेची बाधा टळावी म्हणून असा सर्वसाधारण समज आहे. सँडपेपर मारून ते घालवणारे महाभाग मी पाहिलेत. आणि तुळईतल्या रिकाम्या खाचा दाखवून ‘ही जहाजाची लाकडं’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे जा. जवळजवळ प्रत्येक पबात हे ऐकायला मिळतं. त्या खाचांत एके काळी त्याच घराचे काढून टाकलेले खांब बसत, नाहीतर तुळई दुसऱ्या पाडलेल्या घरातून आलेली असते.

हो, आणि प्रत्येक तुळईवर टिचकी मारून बघा. विसाव्या शतकात पबांना ‘जुनं’ दिसायला पोकळ प्लास्टिकच्या तुळयाही लावल्या गेल्या. आवाजावरून लगेच कळतं.

मग समोरची वीट कुठून आली? अठराव्या शतकात लाकडी घर म्हणजे गावंढळ, आणि सपाट विटांचं, सरळ रेषेत खिडक्या असलेलं घर म्हणजे प्रतिष्ठेचं. घोडागाड्यांचा काळ होता, रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकान झोकदार दिसायला हवं. संपूर्ण घर पाडायचे पैसे नसत, मग फक्त तोंड नवं करत. तुमच्या तिसऱ्या फोटोत बाजूच्या भिंतीवर वरच्या मजल्याची लाकडं अजून उघडी आहेत, म्हणजे विटा फक्त पुढे आहेत. पण मला त्या विटांचाच संशय आहे. केंट आणि ससेक्समध्ये विटेसारख्या दिसणाऱ्या कौलांचा प्रकार भरपूर आहे. भाजलेल्या मातीची कौलं लाकडी पट्ट्यांवर टांगायची आणि दरजा चुन्याने भरायच्या, लांबून बघणाऱ्याला पक्की वीट वाटते. त्यांना इकडे ‘मॅथेमॅटिकल टाइल्स’ म्हणतात. लुइस आणि कँटरबरीत फिरलात तर पाहायला मिळतील. विटांवरचा कर चुकवायला ही युक्ती काढली असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही: १७८४ च्या कायद्याने विटांबरोबर कौलांवरही कर बसला होता, आणि ही कौलं त्याच्या आधीपासून वापरात होती. खरं कारण वजन. जुन्या लाकडी सांगाड्याच्या पुढे आलेल्या मजल्याला खरी वीट पेलवली नसती. ओळखायला कोपरा बघा: खऱ्या विटांच्या भिंतीला कोपऱ्यावर विटा एकमेकींत अडकलेल्या दिसतात, इथे बहुतेकदा एक उभी लाकडी पट्टी असते. खिडक्याही भिंतीत खोल नसतात, पृष्ठभागाला जवळजवळ लागून असतात. तुमच्या पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यावर मला तशीच पांढरी पट्टी दिसतेय.

हे ओलीसाठी महत्त्वाचं आहे, पण आधी ती भिंत.

तुमच्या चौथ्या फोटोत, जी भिंत काढायची म्हणता तिच्यावर गिलाव्याखाली दोन उभे चौकोनी उंचवटे आहेत, शेजारी शेजारी, वरची कड किंचित कमानीसारखी. मला ती बुजवलेली दारं वाटतात. पंधराव्या शतकातल्या अशा घरात दालनाच्या खालच्या टोकाला समोरासमोर पुढचं आणि मागचं दार असे, आणि त्यांच्या लगतच्या भिंतीत दोन दारं: एकामागे पेयांची कोठी, दुसऱ्यामागे भाकरी-धान्याची. तसं असेल तर ज्या भिंतीवर तुम्ही हातोडा चालवायला निघालात, तोच तुमच्या एजंटच्या ‘१४२०’ चा सगळ्यात चांगला पुरावा आहे. फोटोवरून शपथ घेणार नाही. जागेवर जाऊन एखादा इंच गिलावा, तोही परवानगीने, उचलून बघावा लागेल. पण तोवर तिला हात लावू नका.

परवानगीचं म्हणजे असं. इंग्लंडमध्ये १७०० पूर्वीची, मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेली इमारत जवळजवळ हमखास ‘लिस्टेड’, म्हणजे कायद्याने संरक्षित इमारतींच्या यादीतली असते. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेची राष्ट्रीय यादी ऑनलाइन फुकट बघता येते. नोंद वाचताना एक लक्षात ठेवा: कित्येक वर्णनं बाहेरून बघून लिहिली आहेत. आतल्या भिंतीचा उल्लेख नाही म्हणजे तिला संरक्षण नाही, असं होत नाही. संरक्षण आत-बाहेर सगळ्याला, आणि आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या तबेल्या-कोठारांनाही बहुतेकदा. इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लागेल असं काम परवानगीशिवाय करणं १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. त्याहून त्रासाचं म्हणजे, आधीच्या मालकाने विनापरवानगी केलेलं कामही पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते आणि तिला मुदतीचं बंधन नाही. त्यामुळे वकिलाला स्पष्ट विचारायला सांगा की मागचा बार, ती मोठी खिडकी, बाथरूमं हे सगळं कधी आणि कुठल्या मंजुरीने झालं.

बारच्या लाकडी काउंटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘तो तर मूळचा, त्याला हलवणार नाही’ असं लिहिलंत, म्हणून सांगते. खेड्यातल्या पबात काउंटर ही नवलाईची गोष्ट होती. बीअर तळघरातून किंवा मागच्या खोलीतल्या पिंपातून मोठ्या चंबूत भरून आणत. जोसेफ ब्रामाचं हातपंपाचं पेटंट १७९७ चं, आणि तो पंप खेड्यांपर्यंत पोचायला आणखी बराच काळ गेला. बर्कशरमधल्या ऑल्डवर्थच्या ‘बेल इन’मध्ये अजून काउंटर नाही, काचेच्या खिडकीतून पेला हातात देतात. सफकमधल्या लॅक्सफील्डच्या ‘किंग्ज हेड’मध्ये शेकोटीभोवती उंच पाठीची बाकं आहेत (पाठ उंच कारण वारा मागून येतो) आणि बीअर मागच्या खोलीतून पिंपातूनच. तुमचा काउंटर फोटोत प्लायवुडच्या पट्ट्यांचा दिसतो. तो गेला तर कोणी रडणार नाही. छोट्या छोट्या खोल्या मात्र जपा. साठ-सत्तरच्या दशकांत सगळीकडे भिंती पाडून एक लांबट हॉल करायची लाट आली होती, त्यामुळे मूळ खोल्या टिकलेले पब आता मोजके आहेत आणि गिऱ्हाईक त्यासाठी लांबून येतं.

आता ओल. वॉटरप्रूफ सिमेंट अजिबात नको. लाकूड, कूड आणि चुन्याची भिंत पाणी अडवत नाही. ती पावसात थोडं पाणी पिते आणि ऊन-वाऱ्यात सोडून देते. चुना नरम असल्याने लाकडाबरोबर किंचित हलतोही. सिमेंट हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. सगळ्यात आधी बळी जातो तो तळाच्या आडव्या लाकडाचा, ज्यावर सगळे खांब उभे असतात. बाहेरून गिलावा ठणठणीत, आत पेनचाकू मुठीपर्यंत जातो, अशा भिंती मी दर हिवाळ्यात बघते. ओल लाकडाला लागली की लाकूड पोखरणारा डेथवॉच भुंगाही येतो. कोरड्या ओकमध्ये त्याला फारसं काही करता येत नाही.

तुमच्या फोटोत पुढची फरसबंदी दाराच्या उंबऱ्याच्या जवळपास आली आहे. शंभर-दोनशे वर्षं रस्ता वर चढत गेला, घर तिथेच राहिलं. माझा पहिला संशय त्यावर, दुसरा तुंबलेल्या पन्हळीवर. भिंतीलगतची जमीन खाली घेणं, खडीचा चर काढणं, पन्हळी दुरुस्त करणं, सिमेंटचा थर असेल तर जपून काढून चुन्याचा गिलावा करणं, आणि मग वाट बघणं, हा क्रम. वाळायला एखादा हंगाम सहज जातो. मधल्या काळात कोणी दोन टोकांचं ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून लाल दिवा दाखवेल आणि रसायन टोचायचं कोटेशन देईल. जुन्या भिंतीतल्या क्षारांमुळेही ते यंत्र लाल दिवा दाखवतं, आणि लाकडी सांगाड्याच्या भिंतीत ते रसायन टोचून काही साधत नाही. आतली जमीन जुन्या विटांची किंवा फरशीची असेल आणि कोणी तिच्यावर काँक्रीट ओतायचं सुचवलं तरी नकार द्या. जमिनीतली वाफ मग भिंतीकडे वळते.

स्वयंपाकघराचं उत्तर यातूनच निघतं. तुम्ही मराठी-भारतीय जेवण ठेवणार आहात, म्हणजे फोडण्या, तेलकट वाफ, मोठा एक्झॉस्ट. ते पंधराव्या शतकातल्या सांगाड्यात कोंबू नका. दुसऱ्या फोटोत मागे सपाट छपराची, सत्तरच्या दशकातली वाटणारी खोली आहे. ती इमारतीचा सगळ्यात कमी मोलाचा भाग. तिथे स्वयंपाकघर नेलं, धुराची नळी तिच्या छपरातून काढली, तर परवानगीचं बघणारे स्थानिक कौन्सिलचे संवर्धन अधिकारी ऐकून घेण्याची शक्यता कितीतरी जास्त. परवानगी तरीही लागेलच. आणि जुन्या भागाला आगीपासून दूर ठेवल्याने विम्याची बोलणीही सोपी होतात.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: सांगाडा जुना असण्याची शक्यता चांगली, दर्शनी भाग अठराव्या शतकातला आणि बहुधा कौलांचा, पब असण्याचं वय अजून माहीत नाही, भिंत ठेवा, सिमेंट नको, स्वयंपाकघर मागे.

यातलं बरंच तुमच्या करारावर अवलंबून आहे. जागा विकत घेताय की बीअर कंपनीकडून भाड्याने? भाड्याच्या करारात ‘संपूर्ण दुरुस्ती भाडेकरूची’ असं कलम असेल तर पाचशे वर्षांच्या छपराची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते, आणि त्या परिस्थितीत मी सही करायला सांगणार नाही, निदान सद्यस्थितीची सचित्र नोंद कराराला जोडल्याशिवाय तरी नाही. छपराची कौलं हाताने केलेली आहेत की यंत्राची, यावरही खर्च खूप बदलतो. संरक्षित यादीत इमारतीची श्रेणी ग्रेड दोन आहे की त्याहून वरची दोन-तारांकित, त्यावर अधिकाऱ्यांची सक्ती बदलते. हे कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.

सर्व्हे बँकेच्या नेहमीच्या माणसाकडून करून घेऊ नका. जुन्या लाकडी इमारतींचा अनुभव असलेला चार्टर्ड सर्व्हेयर शोधा. विल्यम मॉरिसने १८७७ साली स्थापन केलेली एसपीएबी ही जुन्या इमारती जपणारी संस्था मार्गदर्शन करते, तिचा फोनवरचा सल्ला फुकट असतो. झाडाच्या वाढीची वार्षिक वर्तुळं मोजून लाकडाचं नेमकं साल काढायचं असेल तर तेही होतं, पण घाई नको: नमुन्यात पन्नासेक तरी वर्तुळं लागतात, आणि केंटमधला ओक भराभर वाढलेला असल्याने खर्च करूनही साल न मिळण्याची शक्यता आहे. आधी माळ्यावर चढा. काळ्या वाशांचे आणि त्या उभ्या खांबाचे फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, आणि कोपऱ्यावरच्या त्या पांढऱ्या पट्टीचा जवळून एक फोटो पाठवा.